आमच्या आत्याची आकाशयात्रा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील महिला सभेत दिलेले भाषण)



आपल्या संमेलनात दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार व्यक्तीचा परिचय करून देण्याची प्रथा आहे. आजवर या व्यासपीठावरून न्यायाधीश, वैद्य, अभियंते, नाटककार आणि कारखानदार यांची चरित्रे आपण ऐकली. कार्यकारी मंडळाने या वर्षी मला बोलावयास सांगितले, तेव्हा मी माझ्या थोरल्या आत्याविषयी बोलण्याची परवानगी मागितली. ती मंडळाने आनंदाने दिली, याबद्दल मी प्रथम मंडळाचे आभार मानते.

माझी आत्या विमानात नोकरीस होती. १९५४ ते १९६२ अशी आठ वर्षे तिने देशातील अंतर्गत हवाई मार्गांवर प्रवाशांची सेवा केली. अशा स्त्रीला आपल्या भाषेत ‘हवाई सुंदरी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आत्याला तो शब्द मुळीच रुचत नसे. ती म्हणे, “शाळेतल्या बाईंना कोणी ‘शालेय सुंदरी’ म्हणते का? मग आम्हालाच का?” तिच्या बोलण्यातील मर्म ध्यानात घेऊन मी येथे ‘हवाई सेविका’ असाच शब्द योजणार आहे.

या व्यवसायाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगणे उचित होईल. विमानात स्त्रीची नेमणूक प्रथम झाली ती अमेरिकेत. एलन चर्च नावाची एक परिचारिका विमान चालवावयासही शिकली होती. परंतु वैमानिक म्हणून तिला कोणी घेईना. तेव्हा तिने बोइंग कंपनीच्या वाहतूक शाखेपुढे कल्पना मांडली की, विमानात शिक्षित परिचारिका असल्यास भित्र्या प्रवाशांना धीर येईल. कंपनीला ती पटली, आणि १५ मे १९३० रोजी ती ओकलंडहून शिकागोकडे निघालेल्या विमानात रुजू झाली. तिच्याबरोबर आणखी सात परिचारिकांची निवड झाली. सर्वांना अट अशी की, त्या अविवाहित असाव्यात, वयाने, उंचीने आणि वजनाने लहान असाव्यात. जी स्त्री विमान चालवू शकत होती तिला प्रवाशांना पाणी देण्याचे काम मिळाले, आणि तेही लग्न न करण्याच्या अटीवर. या व्यवसायाचा जन्मच असा एका अन्यायाच्या आणि एका संधीच्या पोटी झालेला आहे, हे आपण विसरू नये.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन एक चिमुकले विमान मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविले, आणि भारतीय हवाई वाहतुकीचा श्रीगणेशा झाला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. १ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण होऊन दोन महामंडळे अस्तित्वात आली; एक परदेशच्या वाहतुकीसाठी आणि दुसरे देशांतर्गत मार्गांसाठी. या दुसऱ्या महामंडळात पुढल्याच वर्षी आमची आत्या रुजू झाली.

आमचे आजोबा गिरगावातील एका चाळीत दोन खोल्यांत राहत. ते एका कापड गिरणीच्या कचेरीत कारकून होते. पाच अपत्यांत आत्या सर्वांत वडील. तिचा जन्म १९३१ सालचा. मराठी शाळेतून ती मॅट्रिक झाली, इंटरपर्यंत शिकली, आणि टंकलेखनाची परीक्षाही उत्तीर्ण झाली. इंग्रजी तिने वाचून आणि ऐकून कमावले होते. गुजराती तर चाळीच्या शेजारामुळे जिभेवरच होती. वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून तिने अर्ज केला, तो घरी न सांगता. मुलाखतीचे बोलावणे आले तेव्हा आजोबांच्या हाती ते पाकीट पडले. आजोबांनी ते दोनदा वाचले आणि एवढेच विचारले, “पडले तर?” त्यांच्या प्रश्नाला कारण होते. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर आदळून अठ्ठेचाळीस माणसे प्राणास मुकली होती, आणि ती बातमी चाळीतील प्रत्येक घरात वाचली गेली होती. आत्याने उत्तर दिले, “ट्रामखालीही माणसे सापडतात, दादा.” आजोबा गप्प राहिले. त्या मौनालाच तिने संमती मानले.

कामाचे स्वरूप कसे होते, हे आजच्या पिढीला सांगावयास हवे. कारण आज विमानात बसणारा प्रवासी ज्या सुखसोयी गृहीत धरतो, त्यांतील फारच थोड्या तेव्हा होत्या. आत्याच्या वाट्याला प्रथम आली ती डाकोटा विमाने. महायुद्धात सैन्यासाठी ही हजारोंनी बांधली गेली आणि युद्ध संपल्यावर स्वस्तात विकली गेली. या विमानाचे तिसरे चाक शेपटीखाली असे. त्यामुळे जमिनीवर उभे असताना त्याचे तोंड वर व शेपूट खाली, आणि आतली वाट चढणीची. प्रवाशाने मागच्या दाराने आत यावयाचे आणि टेकडी चढावी तसे आपल्या खुर्चीपर्यंत जावयाचे. म्हाताऱ्या माणसांचा हात धरून त्यांना वर नेणे हे सेविकेचे पहिले काम.

डाकोटात वीस-पंचवीस प्रवासी आणि त्या सर्वांमागे सेविका एकटीच. आतील हवेचा दाब राखण्याची सोय त्या विमानात नव्हती. तेव्हा फार उंच जाता येत नसे, ढगांच्या वर निघून जाणे शक्य नसे. ढगांतून आणि वाऱ्यातूनच वाट काढावी लागे. पावसाळ्यात सह्याद्री ओलांडताना विमान असे आपटत असे की, प्रवासी देवाचा धावा करीत. वर चढताना आणि खाली उतरताना कानांत दडे बसत, म्हणून उड्डाणापूर्वी प्रत्येकापुढे लिमलेटच्या गोळ्यांचे तबक धरावयाचे आणि कानांत घालावयास कापूस द्यावयाचा. गोळी चघळताना आवंढा गिळला जातो व कान मोकळे होतात, हे साधे शास्त्र. परंतु अनेक प्रवाशांना वाटे की हा कंपनीचा पाहुणचार आहे. एका आजीबाईंनी ती गोळी नातवासाठी पदरात बांधून घेतली आणि आत्याने त्यांना दुसरी दिली, ही गोष्ट ती मोठ्या कौतुकाने सांगे.

स्वयंपाकाची सोय नावालाच असे. चहा-कॉफी थर्मासमधून नेलेली, खाणे खोक्यांतून. वैमानिक एका कागदावर उंची, वेग आणि पोचण्याची अंदाजे वेळ लिहून पाठवी. तो कागद प्रवाशांच्या हातांतून फिरत शेवटच्या रांगेपर्यंत जाई. ज्यांना इंग्रजी येत नसे त्यांना सेविकेने तो समजावून सांगावयाचा. याखेरीज ओकारीच्या कागदी पिशव्या देणे आणि त्या भरल्यावर उचलणे, तान्ह्या मुलांना खेळविणे, घाबरलेल्यांजवळ बसणे, प्रथमोपचार करणे, ही सर्व कामे तिचीच. ज्या कामाला लोक ‘सुंदरी’चे काम समजत, त्यातील निम्मे काम रुग्णालयातील दाईचे होते.

आत्याने आपल्या उड्डाणांची एक वही ठेवली होती. ती आज माझ्याजवळ आहे. तारीख, मार्ग, विमानाचा प्रकार, किती तास, आणि शेवटच्या रकान्यात एखाददुसरा शब्द. ‘पाऊस. सर्वांना ओकाऱ्या.’ ‘वऱ्हाड. नवरी रडत होती.’ ‘एक अंध गृहस्थ. खिडकीजवळची जागा मागितली.’ यापुढे खुलासा काही नाही. त्या अंध गृहस्थांविषयी मी तिला एकदा विचारले. ती म्हणाली, “त्यांना ऊन कोणत्या बाजूने येते ते कळत होते. मी त्यांना वाटेत काय काय दिसते ते सांगत गेले.”

या वहीत पुन्हा पुन्हा येणारे नाव नागपूरचे. १९४९ साली आपल्या देशात रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या पिशव्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि पहाटेपूर्वी विमाने पुन्हा आकाशात उडत. मुंबईस संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला वाचले जाई, ते या व्यवस्थेमुळे. देशाच्या मध्यभागी वसलेल्या नागपूरला हा मान भूगोलाने दिला होता. मुंबईहून तेथवर डाकोटाला सुमारे तीन तास लागत. आत्या सांगे की, त्या तासाभरात विमानतळावर यात्रा भरल्यासारखी वर्दळ असे. तमिळ, बंगाली, पंजाबी आणि मराठी एकाच बाकावर ऐकू येई. हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडे, आणि चारी विमानांतील सेविका एकाच शेगडीभोवती हात शेकीत उभ्या राहत. त्यांत अँग्लो-इंडियन मुली होत्या, पारशी होत्या, बंगाली होत्या. “माझी खरी शाळा ती शेगडी,” असे ती म्हणे. १९५७ साली व्हायकाउंट विमाने आली. ती उंचावरून, संथपणे जात; कापसाची गरज उरली नाही. परंतु आत्याच्या मनातून डाकोटा कधी उतरले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला, तिकडे वळते.

आत्याचा पगार आजोबांच्या पगाराहून अधिक होता. त्या पगारातून माझ्या वडिलांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले, धाकट्या दोन आत्यांची लग्ने झाली, आजीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. असे असूनही आमच्या घरी कोणी आले आणि “थोरली काय करते?” असे विचारले, तर उत्तर ठरलेले असे: “कचेरीत आहे.” खोटे म्हणावे तर खोटे नाही, आणि खरेही नाही. ती घरून साधे पातळ नेसून निघे आणि गणवेश पेटीत घडी करून नेई. विमानतळावर पोचल्यावर तो चढवी. परंतु अपरात्री तिला न्यावयास मोटार येई, तिचा आवाज कसा लपविणार? चाळीच्या गॅलरीतील दिवे लागत. दुसऱ्या दिवशी नळावर कुजबूज होई. जी माणसे मोटारीचा आवाज मोजीत, त्यांच्याच मुलांची फी आत्याने दोनदा भरली होती, हे मला वडिलांनी सांगितले. तिने कधी सांगितले नाही.

धाकट्या आत्यांच्या सोयरिकीच्या वेळी थोरलीला पुढे येऊ देत नसत. तिच्या स्वतःच्या बाबतीत दोन स्थळे नुसते कळल्यावरच परत गेली. तिसऱ्या ठिकाणी मंडळी समंजस होती. त्यांचे म्हणणे इतकेच की, नोकरी सोडावी आणि ती केली होती याचा पुढे उच्चार करू नये. नोकरी सोडण्याविषयी तिची फारशी तक्रार नव्हती. त्या काळी जगातील बहुतेक कंपन्यांत विवाहित सेविकेला ठेवीतच नसत. परंतु दुसरी अट ऐकून ती आजोबांना म्हणाली, “माझी आठ वर्षे लपवून ज्या घरात जायचे, त्या घरात मी कोण म्हणून राहू?” लग्न झाले नाही. त्याच वर्षी आजोबांना अर्धांगाचा झटका आला, आणि त्यांच्या शुश्रूषेसाठी तिने आपण होऊन आकाश सोडले. पुढे निवृत्त होईपर्यंत ती एका प्रवासी कचेरीत तिकिटांच्या खिडकीवर बसली. २०११ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, ती गेली.

तिच्या बरोबरीच्या ज्या भगिनी नोकरीत राहिल्या, त्यांचा लढा पुढे न्यायालयात गेला. १९८१ साली नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिल्या गर्भारपणाबरोबर सेविकेची नोकरी संपविणारा नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. चार वर्षांच्या आत लग्न न करण्याची अट मात्र त्या वेळी कायम ठेवली. न्याय असा हप्त्याहप्त्याने मिळतो. १९८५ साली सौदामिनी देशमुख या मराठी वैमानिक भगिनीने सर्व कर्मचारी स्त्रिया असलेल्या विमानाचे नेतृत्व केले, तेव्हा आत्याने ती बातमी कापून आपल्या वहीत चिकटविली. एलन चर्चला जी खुर्ची नाकारली गेली होती, ती पंचावन्न वर्षांनी आपल्यातील एका स्त्रीला मिळाली.

हे काम केवळ चहा देण्याचे होते, असे ज्यांना आजही वाटत असेल, त्यांना मी दोन नावे सांगते. ११ एप्रिल १९५५ रोजी ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या प्रतिनिधींना घेऊन हाँगकाँगहून जात असता, आत लपविलेल्या बाँबचा स्फोट होऊन ते दक्षिण चिनी समुद्रात पडले. एकोणीसपैकी तिघेच वाचले. त्यांत दीक्षित आणि कर्णिक ही दोन मराठी नावे आहेत. विमानाचे कप्तान जटार यांनी शेवटपर्यंत सुकाणू सोडले नाही. आणि ग्लोरिया बेरी ही हवाई सेविका धुराने भरलेल्या विमानात प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे देत राहिली. ती परत आली नाही. राष्ट्राने तिच्या शौर्याचा मरणोत्तर गौरव केला. दुसरे नाव आपण सर्व जाणता. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या विमानतळावर मुंबईहून आलेले विमान अतिरेक्यांनी बळकावले, तेव्हा नीरजा भानोत हिने प्रवाशांना बाहेर काढताना प्राण दिले. तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. तेवीस वर्षे पूर्ण व्हावयास तिला दोन दिवस कमी होते.

माझ्या आत्याच्या वाट्याला असा प्रसंग आला नाही, आणि तिच्यासाठी मी कोणतेही पदक मागत नाही. माझे मागणे फार लहान आहे, आणि ते या संस्थेकडेच आहे. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात माझ्या आजोबांची गिरणी आहे, वडिलांची पदवी आहे, चुलत्यांच्या बदल्यांची गावेसुद्धा आहेत. आत्याच्या नावापुढे एकच शब्द आहे: ‘अविवाहित’. ज्या पैशावर वडिलांची ती पदवी मिळाली, तो ज्या हातांनी मिळविला, त्या हातांचा उल्लेख नाही. यात कोणा एका संपादकाचा दोष नाही. माहितीच्या तक्त्यात मुलींसाठी तो रकानाच नव्हता. आणि जो रकाना नसतो, तो भरण्याची आठवण कोणास होणार? आपल्या आजी, मावश्या, आत्या यांतील कितीजणी शिक्षिका, परिचारिका, टेलिफोनवरील सेविका, शिवणकाम करणाऱ्या होत्या, याची नोंद आज आपल्याजवळ नाही.

म्हणून कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचे काम हाती घेतले जात असता मी तीन सूचना नम्रपणे मांडते. पहिली, मुलींसाठी व सुनांसाठी शिक्षण, व्यवसाय आणि वर्षे यांचे रकाने मुलांइतकेच असावेत. दुसरी, लग्नानंतर वा घरच्या अडचणीमुळे सोडलेल्या नोकरीचीही नोंद व्हावी. सोडलेले काम हे केलेले काम असते. तिसरी, घराघरांतील ट्रंकांत पडलेल्या अशा वह्या, नेमणुकीची पत्रे, छायाचित्रे संस्थेच्या ग्रंथालयाने मागवून जतन करावीत. आत्याची वही मी आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या अर्जात एक प्रश्न आहे: ‘नोकरीत रात्रपाळी आहे काय?’ तो मुलींच्याच अर्जात आहे, मुलांच्या नाही. आज आपल्या मुली रुग्णालयांत, संगणकाच्या कंपन्यांत, विमानांत रात्री काम करतात. त्यांना आणावयास येणाऱ्या मोटारीचा आवाज ऐकून गॅलरीतील दिवे अजूनही लागत असतील, तर आपण साठ वर्षांत फार लांब आलो असे म्हणता येणार नाही. तो प्रश्न एक तर दोन्ही अर्जांत असावा, नाही तर दोन्हींतून काढावा.

थोरांची चरित्रे सांगणे हा ज्ञातिसंस्थेचा धर्मच आहे. परंतु थोरपणा नेहमीच हार घालून व्यासपीठावर बसत नाही. तो कधी कधी मध्यरात्री नागपूरच्या थंडीत शेगडीशी हात शेकीत उभा असतो आणि सकाळी घरी येऊन भावाची फी भरतो. त्याची नोंद ठेवणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी कुलवृत्तांतातील दोन ओळींहून अधिक जागा लागणार नाही.

 माझ्या तीन सूचना आणि अर्जाविषयीची विनंती कार्यकारी मंडळाने आपल्या पुढील बैठकीत विचारात घ्यावी, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.